भांडण कंपन्यांचं, हाडं पैलवानांची

१८ डिसेंबर १९९५ ची रात्र. टेड टर्नर यांच्या मालकीच्या डब्ल्यूसीडब्ल्यू या कुस्ती कंपनीचा ‘नायट्रो’ हा कार्यक्रम अमेरिकेत थेट दाखवला जात होता. मदुसा नावाची कुस्तीगीर कॅमेऱ्यासमोर आली. तिच्या हातात डब्ल्यूडब्ल्यूएफ या प्रतिस्पर्धी कंपनीच्या महिला अजिंक्यपदाचा पट्टा होता. दोन-चार वाक्यं बोलून तिने तो कचऱ्याच्या डब्यात टाकला. डब्ल्यूडब्ल्यूएफने तिला कामावरून कमी केलं होतं, पण पट्टा परत घ्यायचं राहून गेलं होतं. डब्ल्यूसीडब्ल्यूचे सूत्रधार एरिक बिशॉफ यांनी ते बरोबर हेरलं.

कुस्तीवेड्यांच्या गप्पांत हा प्रसंग आजही चवीने सांगितला जातो. त्याचा पुढचा भाग मात्र कुणी फारसा सांगत नाही. त्या रात्रीनंतर डब्ल्यूडब्ल्यूएफने महिलांचं अजिंक्यपदच गुंडाळून ठेवलं, ते थेट सप्टेंबर १९९८ मध्ये पुन्हा बाहेर काढलं. म्हणजे नाक कापलं गेलं मालक विन्स मॅकमहन यांचं आणि पोटावर पाय आला त्या कंपनीत लढू पाहणाऱ्या इतर बायकांच्या. मदुसाला २०१५ मध्ये त्याच कंपनीने आपल्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये घेतलं. त्या सोहळ्यात तिने कचऱ्याच्या डब्यातून पट्टा बाहेर काढून दाखवला. जुन्या स्टंटची भरपाईसुद्धा नव्या स्टंटने!

व्यावसायिक कुस्तीतल्या कंपन्यांची स्पर्धा हा माझ्या पिढीच्या आवडीचा विषय आहे. शाळेच्या मधल्या सुट्टीत ट्रम्प कार्ड खेळत मोठे झालेले आम्ही. अंडरटेकरची उंची आणि योकोझुनाचं वजन पाढ्यांआधी पाठ. निकाल आधीच ठरलेले असतात हे कळल्यावरही ओढ सुटली नाही, कारण तोवर पडद्यामागची लढाई जास्त रंगतदार वाटू लागली होती. रिंगमधली कुस्ती ठरवलेली, पण दोन कंपन्यांमधली कुस्ती खरी, असं आम्ही एकमेकांना पटवून द्यायचो. आज मला त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग तितकासा पटत नाही. या कंपन्या ज्या गोष्टींवरून जाहीर भांडतात त्या बहुतेक फुकटातल्या असतात. जिथे खरा पैसा मोजावा लागेल, म्हणजे पैलवानाचा विमा, त्याची नोकरी, त्याची संघटना, तिथे दोघांचं बरं जमतं.

स्पर्धेने भलं झालंच नाही असं म्हणणं खोटेपणाचं होईल. ४ सप्टेंबर १९९५ ला मिनेसोटातल्या ‘मॉल ऑफ अमेरिका’ या अवाढव्य बाजारसंकुलात ‘नायट्रो’चा पहिला भाग झाला आणि लेक्स लुगर तिथे अचानक अवतरला. आदल्या दिवसापर्यंत तो डब्ल्यूडब्ल्यूएफसाठी लढत होता. प्रेक्षकांना धक्का बसला, मॅकमहन यांना तर बसलाच. पण पैलवानांना त्या रात्री एक वेगळीच गोष्ट दिसली: आपल्याला दुसरं गिऱ्हाईक आहे. त्याआधी बहुतेकांची कमाई किती तिकिटं खपली यावर हेलकावे खायची. टर्नर यांच्या तिजोरीतून हमीचे करार निघू लागले, तसं डब्ल्यूडब्ल्यूएफलाही हात सैल सोडावा लागला. कार्यक्रमही सुधारले. ‘नायट्रो’ थेट असायचा, तर त्याच वेळी लागणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या ‘रॉ’ या कार्यक्रमाचे बरेच भाग आधी चित्रित केलेले. बिशॉफ आपल्या थेट कार्यक्रमात समोरच्याचे निकाल आधीच फोडायचे. खोडसाळपणा होता, पण त्यामुळे ‘रॉ’लाही कात टाकावी लागली. १९९६ च्या उन्हाळ्यापासून ‘नायट्रो’ने सलग ८३ आठवडे ‘रॉ’ला मागे टाकलं आणि एप्रिल १९९८ मध्ये स्टीव्ह ऑस्टिनच्या जोरावर ‘रॉ’ पुन्हा पुढे आला. या काळातली टीव्हीवरची कुस्ती आजही बघवते, यात वाद नाही.

पण त्याच काळात डब्ल्यूडब्ल्यूएफचा कॅनेडियन पैलवान ब्रेट हार्ट याचं काय झालं ते पाहा. एका माणसाच्या कारकिर्दीत हे सगळं युद्ध मावतं.

१९९६ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यूने ब्रेटला वर्षाला सुमारे ३० लाख डॉलर देऊ केले होते. तो डब्ल्यूडब्ल्यूएफमध्येच राहावा म्हणून मॅकमहन यांनी त्याच्याशी २० वर्षांचा करार केला. वर्षभरात त्यांनाच तो परवडेना, आणि त्यांनी ब्रेटला समोरच्याशी बोलणी करायला सांगितलं. तो जायला निघाला तेव्हा डब्ल्यूडब्ल्यूएफचा मुख्य पट्टा त्याच्याकडे होता. आता मॅकमहन यांच्या डोळ्यांसमोर काय तरळत असेल? कचऱ्याचा डबा. ब्रेटला आपल्या देशात, कॅनडात, शॉन मायकल्सकडून हरायचं नव्हतं. मग ९ नोव्हेंबर १९९७ ला माँट्रियलमध्ये त्याला न सांगता निकाल बदलला गेला. शॉनने त्याच्यावर त्याचाच डाव लावला, ब्रेटने हार पत्करलेली नसताना पंचाने घंटा वाजवायला सांगितली. ब्रेट मॅकमहन यांच्या तोंडावर थुंकला, पुढे आत त्यांना ठोसाही हाणला. एका कंपनीने कचऱ्याच्या डब्याचा खेळ केला, त्याच्या धास्तीने दुसरीने विश्वासघात केला, आणि मध्ये सापडला तो ज्याने दोन्हींपैकी काहीच ठरवलं नव्हतं.

आणि यातून धडा घ्यायच्या ऐवजी मॅकमहन यांनी काय केलं? प्रेक्षकांचा राग स्वतःकडे वळवून ‘दुष्ट मालक’ ही भूमिका पडद्यावर उभी केली. तीच पुढे कंपनीच्या भरभराटीचा खांब झाली. धंद्याची समज म्हणून दाद द्यावी लागते. माणूस म्हणून द्यावी का, हे ज्याचं त्याने ठरवावं. डब्ल्यूसीडब्ल्यूने एवढ्या खटपटीने मिळवलेल्या ब्रेटचं पुढे काही धड केलंच नाही. डिसेंबर १९९९ मध्ये गोल्डबर्गची लाथ डोक्यात बसून त्याच्या मेंदूला मार लागला आणि २००० मध्ये कारकीर्द संपली.

त्याचा धाकटा भाऊ ओवेन. याच्याबद्दल लिहिताना हात जड होतो. डब्ल्यूसीडब्ल्यूमध्ये स्टिंग नावाचा पैलवान सभागृहाच्या छतावरून दोरीने खाली उतरायचा आणि लोक वेडे व्हायचे. डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये ओवेनला ‘ब्लू ब्लेझर’ नावाच्या धांदरट महानायकाचं सोंग दिलं होतं, आणि त्यानेही तसंच छतावरून यायचं, शेवटी दोर सुटून तोंडावर आपटायचं, असा विनोद होता. त्यासाठी झटकन सुटणारा हूक लावलेला. २३ मे १९९९ ला कॅन्सस सिटीच्या केंपर अरीनात तो वरच सुटला. ओवेन सुमारे ७८ फुटांवरून रिंगमध्ये कोसळला आणि गेला. वय ३४. कार्यक्रम पुढे चालू राहिला. सभागृहात बसलेल्या हजारो लोकांना तो गेल्याचं सांगितलंही गेलं नाही. पुढच्या लढती त्याच रिंगमध्ये झाल्या. त्याची पत्नी मार्था हार्ट हिने खटला भरला आणि २००० मध्ये सुमारे १ कोटी ८० लाख डॉलरवर तडजोड झाली.

हा अपघात कंपन्यांच्या स्पर्धेमुळेच झाला, असं सरळ समीकरण मी मांडणार नाही. दोर कुणी बांधला, हूक कोणता निवडला, ही निष्काळजी तिथल्या माणसांची. पण दर सोमवारी समोरच्यापेक्षा उंचावरून, जोरात, वेगळं काहीतरी द्यायचंच, ही घाई कुठून आली होती? आणि त्या घाईत ‘मी हे करणार नाही’ असं म्हणण्याची ताकद त्या माणसाकडे होती का? नव्हती. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

त्यामानाने ज्या स्टंटांवर हसावंसं वाटतं ते निरुपद्रवी होते. एप्रिल १९९८ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफचा ट्रिपल एच आणि त्याची टोळी लष्करी जीपवर तोफ चढवून नॉरफोकला ‘नायट्रो’च्या सभागृहाबाहेर पोचली आणि रांगेतल्या प्रेक्षकांना चिथावत बसली. त्यानंतर काही आठवड्यांनी बिशॉफ यांनी मॅकमहन यांना आपल्या रिंगमध्ये लढायला बोलावलं, ते अर्थातच आले नाहीत आणि बिशॉफ यांनी स्वतःला विजयी घोषित केलं. पोरखेळ. आणि ४ जानेवारी १९९९ ला तर डब्ल्यूसीडब्ल्यूने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. समोर ‘रॉ’वर मिक फोली अजिंक्यपद जिंकणार आहे हे त्यांच्या निवेदकाने कुत्सितपणे फोडलं. ते ऐकून सुमारे ६ लाख लोकांनी फोलीला बघायला चॅनल बदललं, असं तेव्हापासून सांगितलं जातं. इकडे अटलांटाच्या जॉर्जिया डोममध्ये जवळपास ४० हजार लोकांसमोर हल्क होगनने केविन नॅशच्या छातीला बोट लावलं, नॅश आडवा झाला आणि पट्टा होगनकडे गेला. दोन वर्षांत कंपनी बुडाली. मार्च २००१ मध्ये मॅकमहन यांनी ती किरकोळ किमतीत उचलली. लगेच इसीडब्ल्यू ही तिसरी कुस्ती कंपनीही दिवाळखोरीत गेली. पुढे जवळपास दोन दशकं अमेरिकेतल्या पैलवानाला मोठं म्हणावं असं एकच दार उरलं.

मला या इतिहासातला आणखी एक तुकडा महत्त्वाचा वाटतो, आणि त्यात ना जीप आहे ना तोफ. १९८७ मध्ये जिम क्रॉकेट यांच्या कंपनीने ‘थँक्सगिव्हिंग’च्या दिवशी आपला ‘स्टारकेड’ पैसे भरून पाहण्याच्या केबलवर आणायचं ठरवलं. मॅकमहन यांनी त्याच दिवशी ‘सर्व्हायव्हर सिरीज’ लावली आणि केबल कंपन्यांना कळवलं: क्रॉकेटचा कार्यक्रम दाखवाल तर आमचा पुढचा ‘रेसलमेनिया’, म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम, मिळणार नाही. मोजक्या काही सोडून सगळ्यांनी मान तुकवली. जानेवारी १९८८ मध्ये क्रॉकेट यांच्या दुसऱ्या सशुल्क कार्यक्रमासमोर मॅकमहन यांनी ‘रॉयल रंबल’ फुकट दाखवला. त्याच वर्षाअखेर क्रॉकेट यांनी कंपनी टर्नर यांना विकली. खरी मारामारी ती ही: वाटेवर कुणाचा ताबा याची. अलीकडचं उदाहरण हवं असेल तर एमएलडब्ल्यू या छोट्या कंपनीचं घ्या. आपला प्रसारणाचा करार डब्ल्यूडब्ल्यूईने (डब्ल्यूडब्ल्यूएफचंच आजचं नाव) मोडायला लावला, असा दावा करत तिने २०२२ मध्ये खटला भरला. २०२३ च्या अखेरीस तो २ कोटी डॉलर देऊन मिटवला गेला. याची कुणी ‘रील’ बनवत नाही.

२०१९ मध्ये टोनी खान यांनी एईडब्ल्यू ही नवी कुस्ती कंपनी काढली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. अब्जाधीश बापाचा मुलगा, हाडाचा कुस्तीवेडा, आणि बाजारात पुन्हा दुसरं गिऱ्हाईक. फरक पडलाही. डब्ल्यूडब्ल्यूईने काढलेल्या किंवा कंटाळलेल्या कितीतरी पैलवानांना तिथे नवं आयुष्य मिळालं. ऑगस्ट २०२३ मध्ये लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवरच्या कार्यक्रमाची ८१ हजारांहून जास्त तिकिटं खपल्याचं कंपनीने जाहीर केलं. पण त्याच दिवशी पडद्यामागे सीएम पंक आणि जॅक पेरी या तिच्याच दोन पैलवानांत हाणामारी झाली. पंकला काढलं गेलं आणि तो नोव्हेंबरात डब्ल्यूडब्ल्यूईत परतला. एप्रिल २०२४ मध्ये पंकने एका मुलाखतीत एईडब्ल्यूवर तोंडसुख घेतलं. त्यावर कंपनीने काय केलं? त्या हाणामारीचं सुरक्षा कॅमेऱ्यातलं चित्रण आपल्या साप्ताहिक कार्यक्रमात दाखवलं आणि एका लढतीच्या कथेला जोडलं.

कुठल्याही कारखान्यात दोन कामगारांची मारामारी झाली आणि मालकाने ते चित्रण गावातल्या चौकात पडद्यावर लावलं, तर आपण त्या मालकाला काय म्हणू? इथे मात्र चर्चा झाली ती ‘टीआरपी वाढला का’ याची. त्याच महिन्यात टोनी खान मानेला पट्टा लावून अमेरिकन फुटबॉलच्या खेळाडू-निवडीच्या प्रसारणात आले, कारण कथेत त्यांना मार बसला होता. तिथे त्यांनी डब्ल्यूडब्ल्यूईची तुलना लैंगिक अत्याचारांसाठी कुप्रसिद्ध झालेला हॉलिवूड निर्माता हार्वी वाइनस्टीन याच्याशी केली. त्याआधी जानेवारीत मॅकमहन यांनी लैंगिक अत्याचाराच्या गंभीर आरोपांचा खटला दाखल झाल्यावर पद सोडलं होतं. म्हणजे एका बाईच्या तक्रारीचा उपयोग समोरच्याला टोमणा मारायला झाला, तोही खोट्या दुखापतीचा पट्टा लावून. डब्ल्यूडब्ल्यूईही मागे नाही. २०२५ मध्ये एईडब्ल्यूच्या मोठ्या कार्यक्रमांच्या दिवशी आपलेही मोठे कार्यक्रम लावायचा १९८७ चाच जुना डाव तिने पुन्हा काढला.

आता या सगळ्या गोंगाटात कुठल्या गोष्टीवर दोघं गप्प असतात ते बघा. अमेरिकेतल्या या मोठ्या कंपन्यांमध्ये पैलवान हा सर्वसाधारणपणे कर्मचारी नसतो, ‘स्वतंत्र कंत्राटदार’ असतो. त्याने कुठे यायचं, कधी यायचं, कोणत्या नावाने लढायचं, कुणाकडून हरायचं, हे सगळं कंपनी ठरवते. त्याचं पडद्यावरचं नावही बहुतेक वेळा कंपनीच्या मालकीचं. डब्ल्यूडब्ल्यूईने काढून टाकलं तरी साधारण ९० दिवस दुसरीकडे लढायचं नाही, अशी अट असते. २०२० मध्ये तर पैलवानांनी इंटरनेटवर स्वतःच्या जिवावर चार पैसे मिळवायचे मार्गही बंद करायला सांगितलं गेलं. हा कसला स्वतंत्र? रिंगमधल्या दुखापतीवर कंपनी उपचार करते, हे मान्य. पण कर्मचाऱ्याला मिळणारं संरक्षण वेगळं आणि मालकाची मेहेरबानी वेगळी.

आणि ही व्यवस्था आपोआप झालेली नाही. १९८६ मध्ये ‘रेसलमेनिया’च्या तोंडावर जेसी व्हेंचुराने पैलवानांची संघटना बांधायची भाषा केली. ही बातमी मालकाच्या कानावर घातली ती हल्क होगनने. व्हेंचुराने पुढे मानधनावरून कंपनीला कोर्टात खेचलं, तेव्हा मॅकमहन यांच्या साक्षीतून हे बाहेर आलं. (हाच व्हेंचुरा नंतर मिनेसोटाचा गव्हर्नर झाला, संघटना मात्र आजही नाही.) १९८९ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे कबूल केलं की हा खेळ नाही, मनोरंजन आहे. सत्याची चाड म्हणून नव्हे. खेळ म्हटला की क्रीडा आयोगाची देखरेख येते, कर येतो. म्हणजे क्रीडा खात्यासमोर हे नट, आणि नटांच्या संघटनेचा विषय निघाला की हे कंत्राटदार.

टर्नर यांच्याकडे पैशाला तोटा नव्हता. खान यांच्याकडेही नाही. समोरच्याचा पट्टा कचऱ्यात टाकण्यापेक्षा कितीतरी मोठा घाव घालता आला असता: आमचा प्रत्येक पैलवान कायम कर्मचारी असेल, त्याला आरोग्य विमा आणि निवृत्तिवेतन असेल, त्याच्या संघटनेशी आम्ही बोलू, असं जाहीर करायचं. समोरची कंपनी आठवड्यात हादरली असती. हा ‘स्टंट’ आजवर एकाही मोठ्या कंपनीने केलेला नाही. इथे चालते ती निव्वळ नूरा कुस्ती, आधीच ठरवून केलेली.

यावर दोन उत्तरं नेहमी येतात. पहिलं: ते लाखो डॉलर कमावतात, त्यांची कसली कणव. वरचे मोजके कमावतात. खालच्या फळीतला पोरगा भाड्याच्या गाडीतून गावोगाव फिरतो आणि गुडघा गेला की संपतो. शिवाय चांगला पगार मिळतो म्हणून कायद्याचं संरक्षण नको, हा तर्क आपण दुसऱ्या कुठल्या धंद्यात मान्य करतो? दुसरं उत्तर जास्त विचार करण्यासारखं आहे: एवढा खर्च छोट्या कंपन्यांना झेपणार नाही आणि असलेली स्पर्धाही मरेल. भीती खोटी नाही. म्हणून सुरुवात वरून व्हावी. नेटफ्लिक्सबरोबरच्या एका करारात १० वर्षांसाठी ५०० कोटी डॉलर मिळवणाऱ्या कंपनीला आधी हा नियम लागू व्हावा. कामावरून काढलेल्याला ९० दिवस अडकवून ठेवायची अट तर कुणासाठीच नसावी.

हे आपण महाराष्ट्रात बसून का बोलायचं? कारण गिऱ्हाईक आपण आहोत. एप्रिल २०२५ पासून डब्ल्यूडब्ल्यूई भारतातही नेटफ्लिक्सवर दिसते. आपल्या वर्गणीतला काही भाग तिकडे जातोच. असल्या तमाशाची आपल्याला नवलाई नाही. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारा सिंग आणि किंगकाँग यांच्या लढतींना आपल्याच आजोबांनी गर्दी केली होती. ठरवलेली कुस्ती आवडणं यात लाजण्यासारखं काही नाही. पण समाजमाध्यमांवर मराठी पोरं ‘आमची कंपनी, तुमची कंपनी’ करत ज्या ईर्ष्येने भांडतात ते पाहून वाटतं, यांना मालकांनी फुकटात सैन्यात भरती केलंय. पंकचं ते चित्रण दाखवल्यावर एका गटाने टाळ्या पिटल्या, दुसऱ्याने शिव्या घातल्या. कामाच्या जागेवर दोघांची मारामारी कशी होऊ दिली, हा प्रश्न दोन्ही गटांपैकी फारच थोड्यांनी विचारला.

हॉलिवूडमध्ये उंचावरून उडी मारणाऱ्या स्टंट कलाकारांची बाजू त्यांची सॅग-आफ्ट्रा ही संघटना मांडते. तिथे किमान मानधन ठरलेलं असतं, आरोग्य योजना आणि निवृत्तिवेतन असतं, सेटवरच्या सुरक्षेचे नियम असतात. जॉन सीना किंवा ड्वेन जॉन्सन सिनेमात काम करतो तेव्हा त्यालाही हे सगळं लागू होतं. तोच माणूस सोमवारी रात्री, त्याच हाडांनिशी, त्याच उंचीवरून रिंगमध्ये पडायचा तेव्हा यातलं काहीही लागू होत नव्हतं. मधे फरक एवढाच की एके ठिकाणी कलाकारांनी फार पूर्वी एकत्र येऊन स्टुडिओंशी वाटाघाटी केल्या, आणि दुसऱ्या ठिकाणी १९८६ मध्ये एकाने तोंड उघडलं तेव्हा ते मालकापर्यंत पोचवणारा त्याच्याच खोलीत बसला होता.